एनडीपीएस जामीन अर्जाचा तयार नमुना: घ्यावा का?

एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा. त्या गुन्ह्यातला जामीन अर्ज आता ‘नाव टाका, दाखल करा’ अशा वर्ड फाइलच्या रूपात सर्रास मिळतो. कुठे पैसे मोजून, कुठे फुकट, कुठे कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर. विकणाऱ्याचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे एकच फिरतो आहे, शुद्धलेखनाच्या त्याच त्या चुकांसकट. आमचं मत आधीच सांगतो: पाचपैकी दोन तारे. तेही मथळ्यासाठी आणि शेवटच्या विनंतीच्या परिच्छेदासाठी.

भाषेबद्दल तक्रार नाही. ‘मे. विशेष न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात’ इथपासून ‘सबब विनंती की’ इथपर्यंत सगळं रीतसर आहे. तक्रार आहे ती रिकाम्या जागांबद्दल. नमुना विचारतो वय, धंदा, कायमचा पत्ता, घरात कमावतं कोण, आई आजारी आहे का. चोरी-मारामारीच्या अर्जात एवढ्यावर भागतं. एनडीपीएसच्या अर्जात आधी पाहिलं जातं वजन, मग कागदांवरच्या वेळा, मग कॅलेंडर. या तिन्हींसाठी फाइलमध्ये एक साधी टिंबटिंबची ओळसुद्धा ठेवलेली नाही.

वजनापासून सुरू करू, कारण जामिनाचं अर्धं भवितव्य तिथेच ठरतं. 19 ऑक्टोबर 2001 च्या केंद्राच्या अधिसूचनेत प्रत्येक पदार्थाचं अल्प आणि व्यावसायिक प्रमाण दिलेलं आहे. गांजा 1 किलो आणि 20 किलो, चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो, हेरॉइन 5 ग्रॅम आणि 250 ग्रॅम, कोकेन 2 ग्रॅम आणि 100 ग्रॅम, एमडीएमए अर्धा ग्रॅम आणि 10 ग्रॅम. मेफेड्रोन, म्हणजे ज्याला सगळे ‘एमडी’ म्हणतात, ते 2015 साली या यादीत आलं: 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. अल्प प्रमाणाला कमाल एक वर्ष, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. कलम 37 चा अडसर, म्हणजे जामिनाच्या जादा कडक अटी, लागतो तो व्यावसायिक प्रमाणाला आणि कलम 19, 24, 27-ए या गुन्ह्यांना. मधल्या प्रमाणात तो नाही, तिथे अर्ज नेहमीच्या निकषांवर चालतो. नमुना मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. अठरा किलो गांजाच्या अर्जातही कलम 37 च्या अटी पूर्ण होतात असा लांबलचक परिच्छेद येतो. नसलेला डोंगर आपणच उभा करायचा आणि मग तो चढायचा, असला प्रकार.

व्याख्येतला एक बारकावा नमुना लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. व्यावसायिक प्रमाण म्हणजे अधिसूचनेतल्या आकड्यापेक्षा जास्त. नेमका 20 किलो गांजा व्यावसायिक नाही, 20 किलोच्या वर गेला तर. म्हणून पंचनाम्यातलं वजन कशासकट आहे हे आधी वाचायचं. समजा, ‘गोणीसह वजन 20 किलो 600 ग्रॅम’ एवढंच लिहिलंय आणि रिकाम्या गोणीचं वजन कुठेच नाही. तर अर्जाचा पहिला मुद्दा हाच, तोही पंचनाम्याचा पान क्रमांक देऊन. एमडीच्या पुडीचं तसंच. 50 ग्रॅम 800 मिलिग्रॅम हे पिशवीसकट असेल तर निव्वळ वजन रेषेच्या अलीकडे येऊ शकतं.

गांजाच्या बाबतीत याच्या पुढे एक पायरी आहे. कलम 2(iii)(बी) नुसार गांजा म्हणजे कॅनाबिसच्या झाडाचे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती त्यात धरायची नाहीत. आणि पंचनाम्यात काय असतं? ‘हिरवट रंगाची पाने, काड्या, बिया व बोंडे असलेला उग्र वासाचा गांजासदृश पदार्थ’. सगळं एकाच काट्यावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही जामीन आदेशांत वेगळं वजन न केल्याचा मुद्दा आरोपीच्या बाजूने गेला आहे. पण सरकारी वकिलांचं उत्तर तयार असतं, की शेंडे सोबतच होते. म्हणून 22 किलोला हा मुद्दा चालतो, 180 किलोला तो नुसता शब्दच्छल वाटतो.

याच ठिकाणी नमुन्यातली सगळ्यात घातक ओळ येते. शुद्ध अमली पदार्थाचंच वजन धरावं, असं सांगून 2008 च्या ‘ई. मायकल राज’ निकालाचा दाखला दिलेला असतो. ‘हिरा सिंग’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2020 ला तो निकाल मोडीत काढला. भेसळ, पावडर, जे काही मिसळलंय त्यासकट संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. रद्द झालेला निकाल अर्जात दिसला की समोरच्या सरकारी वकिलाला वेगळं काही करावं लागत नाही. (ज्या फायलींमध्ये हा दाखला असतो, त्यांत बहुतेक वेळा मथळ्यावर अजून सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 439 असतं. 1 जुलै 2024 पासून ते बीएनएसएस (नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 483 आहे, आणि अटकपूर्वसाठी 482. फाइल किती जुनी आहे ते ओळखायची ही सोपी खूण.)

आरोपी तीन-चार असतील तर कोणाच्या खिशातून किती आणि कोणाच्या पिशवीतून किती, हे अर्जात वेगवेगळं मांडायला हवं. एफआयआरमध्ये एकूण वजन एकच लिहून सगळ्यांना कलम 29 लावलेलं असतं. कट दाखवणारा आधार काय, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. ज्याच्याकडे काहीच सापडलं नाही आणि नाव फक्त सहआरोपीच्या किंवा स्वतःच्या कलम 67 च्या (तपास अधिकाऱ्यासमोरच्या) जबाबातून आलंय, त्याच्यासाठी ‘तोफान सिंग’ (29 ऑक्टोबर 2020) आहे: असा जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही. हा दाखला मात्र बऱ्याच नमुन्यांत आहे आणि बरोबर आहे. पण तो प्रत्येक अर्जात घालून ठेवलाय, आरोपीच्याच खिशातून माल निघाला असला तरी. अशा वेळी तो नुसती जागा अडवतो.

आता कलम 37. व्यावसायिक प्रमाण असेल तर सरकारी वकिलांना विरोधाची संधी द्यावी लागते. त्यांनी विरोध केला तर न्यायालयाची दोन गोष्टींबद्दल खात्री पटावी लागते: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी आधार आहे, आणि जामिनावर असताना तो गुन्हा करण्याची शक्यता नाही. पहिल्या अटीसाठी नमुना एकच वाक्य देतो, ‘अर्जदार निर्दोष असून त्यास खोट्या गुन्ह्यात गोवण्यात आले आहे’. हे म्हणणं झालं, आधार नाही. दुसऱ्या अटीसाठी तर काहीच नाही. तिथे जुन्या गुन्ह्यांची यादीच द्यावी लागते: पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमं, आज काय स्थिती. एकही नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. असेल आणि लपवला तर सरकारी पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, येतो त्या दिवशी तो पहिल्या पानावर असतो.

कागदांच्या चुका हा या अर्जांचा खरा कणा. नमुन्यात तो असा येतो: ‘कलम 42, 50, 52-ए, 55 व 57 च्या तरतुदींचे पालन करण्यात आलेले नाही’. एका दमात पाच कलमं. कोणतं, कधी, कोणत्या पानावर, काही नाही. प्रत्यक्षात ही कलमं वेगवेगळ्या ठिकाणी लागू होतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी फसतात.

कलम 42 बंद जागेसाठी आणि वाहनासाठी, कलम 43 सार्वजनिक जागेसाठी. भर रस्त्यावर अडवलेली खासगी गाडी सार्वजनिक जागेत मोडत नाही, हे ‘बूटा सिंग’ (2021) मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे तिथे 42 हवं: मिळालेली बातमी लिहून काढणं, 72 तासांत तिची प्रत वरिष्ठाकडे पाठवणं, आणि सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती असेल तर त्याची कारणं नोंदवणं. घटनापीठाने ‘करनैल सिंग’ (2009) मध्ये सांगितलं की पालनात उशीर झाला आणि त्याचा समाधानकारक खुलासा असला तर चालेल, पालनच नसेल तर नाही. त्यामुळे अर्जात ‘पालन नाही’ लिहून भागत नाही. वरिष्ठाच्या कार्यालयाचा आवक शिक्का कुठल्या तारखेचा आहे की मुळात नाहीच, ते लिहावं लागतं.

कलम 50 फक्त अंगझडतीला लागतं. माल पाठीवरच्या बॅगेत किंवा डिकीत सापडला असेल तर या मुद्द्यावर दोन पानं खर्च करू नयेत. ‘पवन कुमार’ (2005) पासून हे ठरलेलं आहे. अंगझडतीतच माल सापडला असेल तर नोटीस शब्द न् शब्द वाचायची. ‘तुमची अंगझडती नजीकच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जाण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे’ ही झाली नोटीस. ‘आमच्याकडून झडती घेण्यास तुमची काही हरकत आहे काय?’ ही नोटीस नव्हे, ही विचारपूस. दोघा-तिघांना मिळून एकच नोटीस दिली असेल, किंवा छापा टाकणाऱ्या पथकातल्याच अधिकाऱ्याचा तिसरा पर्याय पुढे केला असेल, तर ‘परमानंद’ (2014) कामाला येतो. नोटिशीवरची वेळही पाहायची. नोटीस 18.40 ची आणि पंचनाम्यात खिशातून पुडी निघाल्याची वेळ 18.30, असं निघालं तर तो मुद्दा कुठल्याही दाखल्यापेक्षा जड.

कलम 52-ए (जप्त मालाची यादी व नमुने दंडाधिकाऱ्यासमोर) बद्दल या तयार फायली सपशेल मागे पडल्यात. जागेवरच मालाचे नमुने काढले, दंडाधिकाऱ्यासमोर नाही, म्हणून जामीन द्या, असा सरधोपट युक्तिवाद ‘मोहनलाल’ (2016) आणि ‘सिमरनजीत सिंग’ (2023) च्या आधाराने लिहिलेला असतो. 20 डिसेंबर 2024 ला ‘काशिफ’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 52-ए मधली त्रुटी एवढ्या एका कारणावर जामीन मिळत नाही. म्हणून हा मुद्दा सोडायचा नाही, पण एकटा उभाही करायचा नाही. त्याला मालाच्या ओळखीबद्दलची शंका जोडावी लागते. जप्तीच्या वेळी पुडीवर कोणाच्या मोहरेचं सील, मुद्देमाल कक्षाच्या नोंदीत कोणाचं, आणि सीए (रासायनिक विश्लेषकाच्या) रिपोर्टमध्ये प्रयोगशाळेला कोणतं सील मिळालं? मालाचा नमुना काढला 5 ग्रॅम आणि प्रयोगशाळेत पोहोचला 4.1? पंचनाम्यात ‘पांढरी पावडर’ आणि रिपोर्टमध्ये ‘फिकट तपकिरी स्फटिक’? हे तीन कागद शेजारी ठेवून तपासायला अर्धा तास लागतो, आणि तयार फाइल घेणारा नेमका तो अर्धा तास वाचवायला गेलेला असतो.

अटकेची कारणं लेखी दिली का, हा मुद्दा जुन्या फायलींत असणं शक्यच नाही. ‘विहान कुमार’ (7 फेब्रुवारी 2025) नंतर तो ठळक झाला. ‘मिहिर राजेश शाह’ मध्ये (नोव्हेंबर 2025) कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची असं ठरलं. जागेवर शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. परप्रांतीय किंवा परदेशी आरोपीला मराठीत टाइप केलेला कागद देऊन सही घेतली असेल, तर तो कागद अर्जाला जोडावाच.

कॅलेंडरचा भाग वेगळ्या अर्जाचा, आणि इथे नमुना खरंच नुकसान करू शकतो. व्यावसायिक प्रमाणात किंवा 19, 24, 27-ए मध्ये चार्जशीटसाठी कलम 36-ए(4) नुसार 180 दिवस. ‘कपिल वाधवान’ (2023) नुसार पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. म्हणजे 1 मार्चला पहिला रिमांड असेल तर 27 ऑगस्टला 180 पूर्ण होतात आणि 28 ला चार्जशीट नसेल तर जामिनाचा हक्क (डिफॉल्ट जामीन) उभा राहतो. मधल्या प्रमाणात कमाल शिक्षा दहा वर्षांपर्यंत, म्हणून ‘राकेश कुमार पॉल’ (2017) च्या आधारे 60 दिवस मागायचे. बीएनएसएस 187 मधली ‘दहा वर्षे किंवा अधिक’ ही नवी शब्दरचना दाखवून सरकारी पक्ष 90 वर बोट ठेवतो. तरी अर्ज 61 व्या दिवशीच टाकायचा, वाद नंतर घालता येतो. चार्जशीट आधी पडली तर वाद घालायलाही काही उरत नाही.

हा डिफॉल्ट जामिनाचा अर्ज एका पानाचा असावा: पहिल्या रिमांडची तारीख, आजचा दिवस कितवा, चार्जशीट नाही, जामीन देण्याची तयारी आहे. बस्स. इथे कलम 37 लागत नाही आणि गुणदोषांवर बोलायचं कारण नाही. नमुन्यात मात्र हाच मुद्दा नियमित अर्जाच्या चौदाव्या की पंधराव्या परिच्छेदात, आजारी आईच्या खाली, टाकून दिलेला आहे. असा मिसळलेला अर्ज ‘से’ साठी आठ दिवस पुढे गेला, तर मूळ मुद्दाच झाकला जातो. अर्जावर दाखल केल्याची वेळ घेऊन ठेवायची. ‘एम. रवींद्रन’ (26 ऑक्टोबर 2020) नुसार अर्ज पडल्यानंतर आलेली चार्जशीट किंवा मुदतवाढीची मागणी हा हक्क मोडू शकत नाही. मुदतवाढ आधीच मागितली असेल तर तिचीही प्रत हवी. तो अहवाल सरकारी वकिलांचा स्वतःचा असावा लागतो. तपासाची प्रगती आणि 180 दिवसांपुढे आरोपीला आत ठेवण्याची खास कारणं, दोन्ही त्यात लागतात. तपास अधिकाऱ्याच्या पत्रावर नुसतं ‘फॉरवर्डेड’ लिहून भागत नाही.

लांबलेल्या खटल्याचा परिच्छेद नमुन्यात आहे, पण त्यात एकही आकडा नाही. ‘मोहम्मद मुस्लिम’ (28 मार्च 2023) आणि ‘रबी प्रकाश’ (जुलै 2023) या निकालांनी कलम 37 असूनही दीर्घ कोठडीवर जामिनाचा रस्ता मोकळा ठेवला. पहिल्यात सात वर्षांहून जास्त कोठडी, दुसऱ्यात साडेतीन. आपल्या अर्जात लिहायचं ते असं: अटक कधी, आजवर किती वर्षं-महिने, आरोपनिश्चिती कधी, साक्षीदार किती, तपासले किती. सोबत रोजनाम्याच्या (कोर्टाच्या तारीखवार नोंदींच्या) नकला, म्हणजे कोणत्या तारखा कोणामुळे गेल्या ते दिसेल. आरोपीच्याच वकिलांनी घेतलेल्या मुदती त्यात जास्त असतील तर नक्कल हातात पडताच मोजून ठेवा. समोरची बाजू मोजणारच आहे.

दोन छोट्या चुका, ज्यांनी अर्ज आठवडाभर अडकतो. एक, प्रतिवादी. नमुन्यात सगळीकडे ‘महाराष्ट्र शासन’ छापलेलं आहे. गुन्हा एनसीबी (अमली पदार्थ नियंत्रण विभाग) किंवा डीआरआयचा (महसूल गुप्तचर संचालनालय) असेल तर केंद्राच्या त्या यंत्रणेला तिच्या अधिकाऱ्यामार्फत पक्षकार करावं लागतं आणि प्रत तिच्या विशेष सरकारी वकिलांना जाते. दोन, आधीचे अर्ज. ‘कुशा दुरुका’ (19 जानेवारी 2024) हे एनडीपीएसचंच प्रकरण. त्यात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या आणि प्रलंबित जामीन अर्जांचा तपशील व आदेशांच्या प्रती देण्याबद्दल सूचना केल्या. नमुन्यातलं ‘अर्जदाराने यापूर्वी अन्य कोणत्याही न्यायालयात अर्ज केलेला नाही’ हे पक्कं छापलेलं वाक्य दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याच्या हातून तसंच राहून गेलं, तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं.

अटींच्या परिच्छेदात ‘न्यायालय घालील ती अट मान्य’ हे ठीक. फक्त गूगल मॅपवर पिन टाकून ठावठिकाणा कळवत राहण्याची अट घालता येत नाही, हे ‘फ्रँक व्हायटस’ (8 जुलै 2024) पासून लक्षात ठेवा. जामीनदाराची ऐपत दाखवणारे कागद जमायला वेळ लागणार असेल तर तात्पुरत्या रोख जामिनाची मागणी त्याच अर्जात करून ठेवावी. नमुन्यात ती नाही.

मग फाइल घ्यावी कोणी? नव्या ज्युनियरला मथळा, पक्षकार, व्हेरिफिकेशन यांचा सांगाडा म्हणून ती उपयोगी आहे, आणि तेवढ्यासाठी फुकटची पुरते. आरोपीच्या घरच्यांनी पैसे मोजून घेऊ नये. कोठडीत असलेल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ई-कोर्ट्सवर सोळा अक्षरी सीएनआर (प्रकरणाचा ओळख) क्रमांक टाकला की तारखा आणि अपलोड झालेले आदेश फुकट दिसतात.

शेवटच्या पानावर जोडपत्रांच्या यादीत नमुना लिहितो: ‘एफआयआरची प्रत व इतर कागदपत्रे’. या ‘इतर’ मध्ये सगळा अर्ज आहे: जप्ती पंचनामा, बातमीची नोंद, कलम 50 ची नोटीस, अटकेची कारणं, प्रत्येक रिमांड अर्ज, 52-ए ची यादी आणि फोटो, प्रयोगशाळेचं पाठवणी पत्र, सीए रिपोर्ट, आधीचे जामीन आदेश. प्रत्येकाला पान क्रमांक आणि अर्जातल्या प्रत्येक मुद्द्यासमोर तोच क्रमांक. हस्तलिखित पंचनामा टाइप करून जोडताना मूळ झेरॉक्सही त्याच्या मागे लावा. टायपिंगमध्ये ‘21.10’ चं ‘21.40’ व्हायला वेळ लागत नाही, आणि वेळेवर उभा केलेला मुद्दा मग आपल्याच टंकलिखित प्रतीमुळे पडतो.